हाय-च्यूची चवपारख

हाय-च्यू ही जपानच्या मोरिनागा कंपनीची फळांच्या चवीची चिवट गोळी. ती लिमलेटच्या गोळीसारखी चोखायची नसते आणि च्युइंगगमसारखी चावून थुंकायचीही नसते. दातांखाली ती लांबते, दबते, हळूहळू विरघळते आणि शेवटी पोटात जाते. या अर्ध्याएक मिनिटात तिची चव दोन-तीनदा पालटते. म्हणूनच आशियातून येणाऱ्या चिवट गोळ्या शेजारी-शेजारी ठेवून चाखण्याचा छंद ज्यांना जडतो, त्यांची सुरुवात बहुधा हाय-च्यूपासून होते.

गोळीचं मूळ एका शिष्टाचारात आहे. ताइचिरो मोरिनागा यांनी अमेरिकेत मिठाईचं काम शिकून १८९९ मध्ये टोकियोत कारखाना काढला. तोंडात घातलेला पदार्थ चारचौघांत बाहेर काढणं जपानमध्ये असभ्य मानलं जाई, त्यामुळे च्युइंगगमची अडचण होती. चावता येईल आणि गिळताही येईल अशी गोळी हवी, या विचारातून १९३१ मध्ये ‘च्यूलेट’ आली. तिचंच पुढचं रूप म्हणजे १९७५ मध्ये बाजारात आलेली हाय-च्यू. अमेरिकेत तिचा खप इतका वाढला की २०१५ मध्ये मोरिनागाने नॉर्थ कॅरोलायनातील मेबेन इथे कारखाना सुरू केला. परदेशातल्या मराठी घरांत मुलांच्या खिशात सापडणारी गोळी अनेकदा तिथलीच असते, जपानची नव्हे. दोन्हीकडच्या चवींची यादी सारखी नसते, हे तुलना करताना ध्यानात ठेवावं. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या युबारी खरबुजाची हाय-च्यू हे त्याचं उदाहरण. ती त्या भागाची भेटवस्तू म्हणून विकली जाते. प्रवासाहून परतताना सहकाऱ्यांसाठी तिथला खाऊ आणायची जपानी पद्धत आहे, त्यातली ती एक.

साखर आणि ग्लुकोजचा पाक उकळून त्यात वनस्पती तेल, जिलेटिन, फळांची आम्लं आणि सुवास घातले जातात. कोमट झालेला गोळा पुन्हा पुन्हा ओढला की त्यात हवेचे बारीक बुडबुडे शिरतात, रंग फिकट होतो आणि चाव मऊ येतो. तिळाच्या रेवडीसाठी पाक खुंटीला टाकून ओढताना पाहिला असेल त्याला ही क्रिया लगेच उमगेल. हाय-च्यूत बहुधा पांढरा थर बाहेर आणि रंगीत थर आत असतो. जिभेला आधी गोडवा कळतो, मग आंबटपणा जोर धरतो. खरा सुवास त्याहून उशिरा येतो. तो तेलात मुरलेला असतो आणि तोंडाच्या उबेने सुटून घशाच्या मागून नाकात चढतो. नाक दाबून चावल्यास स्ट्रॉबेरी आणि आंबा यांत फरक करणं फार कठीण जातं. मग नाक सोडावं. फळ एकदम समोर उभं राहतं. प्रत्येकाने हा प्रयोग एकदा तरी करावाच.

तुलनेत सर्वांत गोंधळात टाकणारी चव द्राक्षाची. नाशिक-सांगलीची थॉमसन सीडलेस खाऊन वाढलेल्या माणसाला द्राक्षाची हाय-च्यू द्राक्षासारखी लागतच नाही. गोळी बनावट आहे असा निष्कर्ष तो काढतो, आणि तिथे त्याची चूक होते. थॉमसन ही युरोपीय कुळातली जात, सुवासाने सौम्य. अमेरिकी कुळातल्या द्राक्षांना एक दाट, जांभळा, किंचित कस्तुरीसारखा वास असतो आणि तो मुख्यतः मिथाइल अँथ्रॅनिलेट या द्रव्यामुळे येतो. जपानमध्ये १९३७ साली संकरातून तयार झालेलं क्योहो हे टपोरं काळं द्राक्ष त्या कुळाचा वारसा घेऊन आलं. तिथले लोक ते साल काढून खातात. जपानी जिभेला ‘द्राक्ष’ म्हटलं की हा वास आठवतो, म्हणून गोळीही तशीच. आपल्याकडे त्याची ओळख अगदीच नाही असं नाही. बाजारात ‘बंगलोर ब्लू’ नावाने मिळणारी बियांची, जाड सालीची काळी द्राक्षं याच कुळाशी नातं सांगतात. ती चार खाऊन मग गोळी तोंडात टाकावी. नातं लगेच पटतं.

आंब्याचंही असंच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी दाखवलं आहे की हापूस पिकत जातो तसे त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या वर्गांतली द्रव्यं वाढतात. दुधाळ, काहीशी भाजलेल्या साखरेसारखी झाक तिथून येते. आंब्याच्या हाय-च्यूत ती झाक पुसट आहे. तिचा आंबा अधिक पाणीदार आणि कोवळ्या पानांच्या वासाचा आहे. देवगड-रत्नागिरीच्या फळाची आठवण ठेवून चाखणाऱ्याची निराशा होईल. मात्र आंब्याच्या इतर जातींकडे मोकळ्या मनाने पाहणाऱ्याला ही गोळी आवडायला हवी, आणि प्रस्तुत लेखकाला ती मनापासून आवडते.

हिरवं सफरचंद हा मालिकेतला सर्वांत सरळ नमुना. सफरचंदात जे मॅलिक आम्ल असतं तेच गोळीत असतं आणि त्याचा आंबटपणा लिंबापेक्षा जास्त वेळ रेंगाळतो. स्ट्रॉबेरी गोड आणि सुरक्षित आहे, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लिचीच्या चवीच्या आशियाई गोळ्या मात्र गुलकंद खाणाऱ्यांनी आवर्जून मिळवाव्यात, कारण लिचीच्या सुवासातलं रोझ ऑक्साइड हे द्रव्य गुलाबातही असतं. ‘रामुने’ ही चव फळाची नाही. रामुने हे जपानी सोडापेय, नाव ‘लेमोनेड’वरून आलेलं. ते ज्या बाटलीत मिळतं ती हायरम कॉड यांनी १८७२ साली पेटंट घेतलेली, गळ्यात काचेची गोटी अडकलेली बाटली. आपली गोटी सोड्याची बाटली तीच. त्या चवीच्या गोळीत लिंबू, व्हॅनिला आणि फेसाची हलकी चुणचुण एकत्र येते.

शेजारच्या देशांतल्या गोळ्या बाजूला ठेवल्या की चिवटपणाचेही प्रकार दिसू लागतात. कोरियाच्या क्राउन कंपनीची ‘माय च्यू’ हाय-च्यूच्या अगदी जवळची. शांघायची ‘व्हाइट रॅबिट’ दुधाळ आणि घट्ट. हे नाव तिला १९५९ मध्ये मिळालं आणि तिच्यावरचा पातळ पापुद्रा कागदासारखा दिसला तरी खायचा असतो. जपानच्या कागोशिमाची ‘बोंतान आमे’ १९२०च्या दशकातली. तिचा चिवटपणा चिकट तांदळातून येतो आणि चव पपनसाची असते. तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा गोव्यातला दोदोल ज्याने खाल्ला आहे त्याचे दात हा चाव ओळखतील. दोदोल याच नावाने मलेशिया-इंडोनेशियातही घरोघर शिजतो.

चाखताना एका बैठकीत पाच-सहा चवी पुरे. सौम्य चवीपासून आंबटाकडे जावं, पुदिना किंवा सोड्याची चव शेवटी घ्यावी, मध्ये साधं कोमट पाणी प्यावं. रंग पाहून मन आधीच चव ठरवतं, म्हणून डोळे मिटून दुसऱ्याच्या हातून गोळी घेणं उत्तम. पहिला चाव, मधला भर आणि गिळल्यानंतर उरलेला वास, या तिन्हींची वेगळी नोंद करावी. बऱ्याच गोळ्यांचा निकाल तिसऱ्या नोंदीवर फिरतो.

गोळीची ऊबही मोजावी लागते. जिलेटिन साधारण अंगाच्या तापमानाच्या आसपास वितळतं. कोकणातल्या मे महिन्यात गोळी वेष्टनाला चिकटते आणि तिचा चाव हरवतो. फ्रिजमधून काढलेली गोळी लाकडासारखी लागते आणि सुवास उशिरा सुटतो. अर्धा तास बाहेर ठेवून मगच तुलना करावी. हे जिलेटिन प्राणिजन्य असतं, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या हाय-च्यूत डुकरापासून केलेलं. शाकाहारी पाहुण्यांना गोळी देण्याआधी हे स्पष्ट सांगणं आवश्यक आहे. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या पाकिटावर आपल्याकडची हिरवी-तपकिरी खूण नसते. तिथे घटकांची यादी वाचावी आणि ‘जिलेटिन’ हा शब्द शोधावा.