नावात डॅट, पोटात काय?

फाइलवर डबलक्लिक केले की ती कशात उघडायची, हे विंडोज नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरे बघून ठरवते. आत काय आहे ते बघत नाही. ही अक्षरे, म्हणजे एक्सटेन्शन, कोणीही बदलू शकतो आणि त्याने आतला मजकूर तसूभरही बदलत नाही. शिवाय कुठले एक्सटेन्शन कोणी वापरायचे, यावर कुणाचाच अंकुश नाही. विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टिममध्ये त्यासाठी तीनच अक्षरांची जागा होती. ती मर्यादा गेली, तरी सवय राहिली. मग एकाच नावाला दोन-दोन धनी. 'टीएस' म्हणजे टीव्ही प्रक्षेपणातला व्हिडिओ आणि २०१२ साली आलेल्या टाइपस्क्रिप्ट भाषेतला प्रोग्रॅमसुद्धा. 'डॅट'बद्दल तर बोलायलाच नको. व्हिडिओ सीडीवरचा सिनेमा डॅट, आउटलुकने पाठवलेली विनमेल ही अटॅचमेंटही डॅट.

खरी ओळख बहुतेक वेळा फाइलच्या पहिल्या काही बाइट्समध्ये (बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराएवढी जागा, आठ बिट्सची) असते. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि पी-डी-एफ ही अक्षरे असतात. झिपमध्ये 'पीके', म्हणजे तो फॉरमॅट बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरे. 'टीएस' व्हिडिओत दर १८८ बाइट्सनी इंग्रजी 'जी' येतो.

सगळ्यात हुशारीने केलेली खूण मात्र पीएनजी या चित्रांच्या फॉरमॅटची. आठच बाइट्स, पण प्रत्येकाला काम आहे. पहिल्याची किंमत १३७, म्हणजे त्यात आठवा बिट लागतोच. जुन्या पद्धतीने फाइल पाठवताना बाइटचा आठवा बिट गळला, तर तो इथेच उघडा पडतो. मग पी-एन-जी. त्यापुढे ओळ संपल्याच्या खुणा, एकदा विंडोजच्या पद्धतीच्या आणि शेवटी एकदा युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या. वाटेत कुणी त्या परस्पर बदलल्या तर चित्र बिघडल्याचे लगेच कळते.

हे बाइट्स हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दिसतात. लिनक्स किंवा मॅकवर तेवढेही नको, 'फाइल' ही कमांड पुरते. युनिक्समध्ये ती १९७३ पासून आहे. नोटपॅडमध्येही डोकावता येते, फक्त चुकूनही सेव्ह करू नका, नाहीतर फाइल कामातून जाईल. मी तर कॉपीवरच प्रयोग करावा म्हणेन.

'पीके' दिसले तरी काम अर्धेच झालेले असते, कारण वर्डची डॉक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स, ई-पुस्तकाची ईपब, अँड्रॉइड अ‍ॅपची एपीके या सगळ्या आतून झिपच. अशा वेळी कॉपीला झिप नाव देऊन उघडावी: आत 'वर्ड' नावाचे फोल्डर निघाले तर वर्डचे डॉक्युमेंट, 'एक्सएल' निघाले तर एक्सेल. उलट 'एम-झेड'ने सुरू होणारी फाइल विंडोजचा प्रोग्रॅम असते. नावात जेपीजी असूनही आत ही दोन अक्षरे दिसली, तर ती न उघडता सरळ डिलीट करावी.

साध्या टेक्स्टला मात्र अशी खूण नसते. तिथे 'फाइल' कमांडही मजकूर चाळून अंदाजच बांधते आणि तो कधीकधी चुकतो.