खेळातून २० वेळात मेंदूची जोडणी? हा आकडा आला कुठून!

मेंदूच्या पेशींमध्ये नवीन जोडणी (सिनॅप्स) व्हायला एखादी गोष्ट ४०० वेळा रिपीट करावी लागते पण खेळातून १०-२० वेळातच होतं, असं अमेरिकेतल्या बालमानसतज्ज्ञ कॅरिन पर्विस यांच्या नावाने वर्षानुवर्षं फिरतंय, प्लेग्रुपवाले तर पोस्टरच लावतात. पण यामागे दाखवता येईल असा प्रयोगच नाहीये, आणि जिवंत मुलाच्या डोक्यात एकेक जोडणी मोजणार कशी हो? खेळाचा फायदा खोटा नाही हं. अमेरिकेत २०१३ च्या अभ्यासात ४-५ वर्षांच्या ७० मुलांना त्रिकोण-चौकोन शिकवले, तर मोठ्यांनी प्रश्न विचारत, हिंट देत खेळवलेली मुलं नुसतं सांगून शिकवलेल्यांपेक्षा पुढे गेली आणि नुसतं मोकळं खेळायला सोडलेल्यांपेक्षाही, आठवड्यानंतरसुद्धा फरक टिकून होता. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.