शेवटी 'ली' दिसला की क्रियाविशेषण? नाही!

शाळेपासून क्लासपर्यंत एक युक्ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'ली' असेल तर डोळे मिटून 'अ‍ॅडव्हर्ब' लिहा. मुलं लिहितात आणि हातचे गुण घालवतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चूक मुलांची नसते.

'अ फ्रेंडली डॉग' घ्या. इथे फ्रेंडली हा शब्द कुत्रा कसा आहे ते सांगतो, म्हणजे ते विशेषण. लव्हली, लोनली, सिली, अग्ली हीसुद्धा विशेषणंच. फॅमिली तर सरळ नाम.

गोंधळाचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे. तिथे विशेषणाचा प्रत्यय 'लिच' आणि क्रियाविशेषणाचा 'लिचे' असे दोन वेगळे होते. पुढे दोन्ही झिजून एकच 'ली' उरला. म्हणून आधी मूळ शब्द पाहा. नामाला 'ली' लागला (फ्रेंड, कॉवर्ड) तर बहुधा विशेषण. विशेषणाला लागला (स्लो, क्विक) तर बहुधा क्रियाविशेषण.

उलटही घडतं. 'ही वर्क्स हार्ड' यात 'ली' नाही, तरी हार्ड क्रियाविशेषणच आहे. 'ही हार्डली वर्क्स' म्हटलं तर अर्थच फिरतो: तो जेमतेमच काम करतो!

आपल्याकडे 'चांगला गायक' आणि 'तो चांगला गातो' यांत शब्द तोच, काम वेगळं. हे आपण वाक्यावरूनच ओळखतो ना? इंग्रजीतही शब्दाची शेपटी बघू नका, तो कोणाबद्दल सांगतोय ते विचारा.