पतंगाच्या कागदातून आकाशकंदील: आमच्या दुकानाची गोष्ट

आमचं दुकान आधी पतंगांचं होतं. आजोबा नाशिकच्या भद्रकालीतल्या वाड्यात पुढच्या खोलीत बसून पतंग बनवायचे, आसारी म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी येवल्याहून आणायचे, आणि संक्रांत झाली की धंदा एकदम बसायचा. उरलेले ताव पुढच्या संक्रांतीपर्यंत टिकत नाहीत, रंग उडतो, घडीवर कागद फाटतो आणि पैसे अडकलेलेच राहतात, त्यामुळे एका दिवाळीला आजीने त्या तावांचे आठ-दहा षटकोनी कंदील केले, वाड्यातल्या लोकांसाठी म्हणून, ते लक्ष्मीपूजनाच्या आतच संपले. पुढच्या वर्षी आजोबांनी बुरुडाकडून जाड बांबू आणला, कारण पतंगाची कामटी कंदिलाचं वजन पेलत नाही, आणि तिथून आमचं कंदिलांचं काम सुरू झालं.

कागद चिकटवायची खळ आजही आजीच्याच पद्धतीने करतो. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि चिमूटभर मोरचूद टाकायचा, नाहीतर माळ्यावर ठेवलेला कंदील झुरळं खातात. मोरचूद विषारी असतो बरं का, तेव्हा लहान मुलं झिरमिळ्या तोंडात घालणार नाहीत एवढं बघा, आणि कंदील हाताळल्यावर हात धुवा.

नंतर वडिलांनी मखरं, तोरणं, लाईटच्या माळा, ख्रिसमसचे स्टार असं सगळं वाढवलं. शरणपूर, नाशिकरोडकडचे कस्टमर स्टारसाठी दरवर्षी येतात, दिवाळी संपली की आमच्याकडे लगेच त्याचंच काम चालू होतं.

2016 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला किती पाणी लागलं यावर आपण नाशिककर पूर मोजतो, त्या दिवशी तर सराफ बाजारात पाणी शिरलं होतं, आणि आमचं गोडाऊन खालच्या अंगालाच. गणपतीचा माल भरलेला, पुठ्ठा आणि कागद सगळा लगदा झाला. आई, मी आणि काका तीन दिवस चिखल काढत होतो. पण कंदिलांचे बांबूचे सांगाडे शाबूत होते, आम्ही ते धुतले, पंख्याखाली वाळवले, त्यावर नवीन कागद लावला आणि त्याच सांगाड्यांवर ती दिवाळी निघाली. सांगाडा नीट बांधलेला असेल तर कंदील वाया जात नाही, फक्त कागद बदलतो, हे तेव्हा आम्हाला पक्कं कळलं, आणि जुने कंदील दुरुस्तीला घ्यायला आम्ही तेव्हापासून लागलो.

मार्च 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली. वडिलांनी मखरांचा स्टॉक आधीच भरला होता, नुकसान मोठं झालं, पण बंदी योग्यच होती असं मला मनापासून वाटतं, विसर्जनानंतर गोदाघाटावर ते पांढरे तुकडे तुम्हीपण पाहिले असतील. आता आमची मखरं पुठ्ठ्याची आणि फोल्डिंगची आहेत, गणपती झाला की घडी करून कपाटामागे सरकवा, फक्त ओल लागू देऊ नका.

कंदिलात जुना पिवळा बल्ब अजिबात लावू नका, तो प्रकाशापेक्षा उष्णताच जास्त देतो आणि कागद करपतो. 5 ते 9 वॅटचा एलईडी भरपूर झाला. होल्डर मधोमध लटकला पाहिजे, कागदाला टेकता कामा नये. माळांचं पण लोक विचारतात की एक बल्ब गेला की सगळी माळ का जाते, तर जुन्या माळेत 6 व्होल्टचे साधारण 40 छोटे बल्ब एकामागे एक जोडलेले असतात, 230 व्होल्टची लाईन त्या सगळ्यांत वाटली जाते, त्यामुळे एक तुटला की करंटचा रस्ताच बंद. बल्ब बदलताना प्लग आधी काढा, नुसतं बटण बंद करून हात घालू नका.

दिवाळीत पाऊस आला तर कंदील आत घ्या, भिजलाच तर उन्हात नको, सावलीत वाळवा, उन्हात कागद आवळतो आणि कोपऱ्यात फाटतो.

जुना सांगाडा कुठल्याही दुकानातला असू दे, घेऊन या, आम्ही कागद आणि झिरमिळ्या नवीन लावून देतो. शक्यतो दसऱ्याच्या आत आणा. वसुबारसेनंतर दुरुस्ती घेत नाही, कारण तेवढ्यात खळ वाळत नाही आणि ओल्या खळीचा कंदील आम्ही कुणाच्या हातात देत नाही.