ओसरीवरचा कंदील : मराठवाड्यातील पार्श्वभूमी

अंगणात आणि ओसरीवर शोभेचे कंदील टांगण्याची रीत मराठवाड्यात आज सर्रास दिसत असली, तरी त्यासाठी लागणारी मोकळी जागा इथल्या जुन्या घरांच्या दर्शनी बाजूला फारशी नव्हती. माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट, जड छताची घरे आतल्या चौकाकडे तोंड करून असत. बाहेरच्या जाड दगडमातीच्या भिंतींना खिडक्या क्वचितच असत आणि रात्रीचा उजेड दिवळीतल्या पणतीपुरता किंवा चिमणीपुरता राही. उघड्यावर दिवा चढे तो कार्तिकात, उंच काठीच्या टोकाला, आकाशदिवा म्हणून. त्यामागे शोभेपेक्षा देवापितरांची भावना होती. ‘कंदील’ हा शब्द अरबीतून आलेला. पुढे राकेलवर जळणाऱ्या काचेच्या कंदिलालाच तो चिकटला आणि रात्री रानात पाणी धरायला किंवा गोठ्यात डोकवायला लागणारी ही वस्तू वीज आल्यावर अडगळीत गेली.

खरा बदल घराच्या आखणीतून आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि माळवदांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे मूळ जागी न बांधता नव्या जागी वसवण्याचा निर्णय झाला, आणि जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे स्वतंत्र भूखंडांवर देण्यात आली. या निर्णयावर तेव्हापासून वाद आहे. गल्ली गेली, ढाळज (दारालगतची बसाउठायची जागा) गेली, शेजार लांब गेला, वस्ती सुपीक जमिनीवर पसरली, हे आक्षेप खरेच आहेत आणि म्हाताऱ्या माणसांना ते अधिक जाचले. मात्र घर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, त्याच्यापुढे स्वतःचे अंगण आले, आणि हा लाभ त्या चर्चेत फार कमी मोजला गेला, असे नोंदवावेसे वाटते. ज्यांनी छताखाली आपली माणसे गमावली होती, त्यांच्यासाठी उजेड असलेली मोकळी जागा ही हौस नव्हती. दारापुढचा दिवा हा धीर होता.

शहरांतल्या नव्या वसाहतींतील बंगल्यांनी पुढे हेच अंगण बागेसाठी वापरले. २००० नंतरच्या दशकातील भारनियमनात जुने कंदील काही काळ पुन्हा कामाला आले. एलईडी आणि सौर दिवे स्वस्त झाल्यावर मात्र कंदिलाचा केवळ आकार उरला आणि ज्योत गेली. मराठवाड्यातील ऊन सौर कंदिलाला अनुकूल आहे. परंतु ओसरीच्या छताखाली टांगलेला कंदील दिवसा भरत नाही. त्यामुळे ओसरीसाठी वेगळी सौर पट्टी छतावर लावून वायर खाली आणावी लागते, आणि उन्हाळ्यातल्या धुळीने झाकलेली ती पट्टी वेळोवेळी पुसावी लागते.