रिपोर्टमध्ये न दिसणारी मरगळ

किडनी निकामी झालेला एक चौदा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास तो डायलिसिसच्या खुर्चीत असतो. हातातल्या फिश्च्युलात, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीत, दोन जाड सुया. नर्सने "कसा आहेस?" विचारलं की "बराय" म्हणतो आणि पांघरूण डोक्यावर ओढतो. जेवण अर्धवट टाकतो, रात्री जागा आणि दिवसा पेंगलेला असतो, अभ्यासात लक्ष नाही, आई काही बोलली की खेकसतो. डॉक्टर रिपोर्ट बघतात. हिमोग्लोबिन कमी, युरिया (रक्तातलं टाकाऊ द्रव्य) वाढलेला. थकणारच की पोरगा!

चूक होते ती इथे: मुलाचं नैराश्य नजरेतून सुटतं, आणि ही चूक व्हावी अशीच सगळी मांडणी आहे. किडनी म्हणजे नुसती गाळणी नव्हे. लाल पेशी तयार करायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही मुख्यतः तीच बनवते. ती निकामी होत गेली की रक्त कमी होतं आणि एक जिना चढताना धाप लागते. टाकाऊ द्रव्यं साचली की तोंडाची चव जाते, मळमळतं, अंगाला खाज सुटते, रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत. आता नैराश्याची लक्षणं पाहा: थकवा, भूक बिघडणं, झोप बिघडणं, लक्ष न लागणं. मानसोपचारात सर्रास वापरल्या जाणाऱ्या निकषांत एकूण ९ लक्षणं आहेत. त्यांपैकी किमान ५ दोन आठवडे टिकली, आणि त्यांत उदासी किंवा रस संपणं यांपैकी एक असलं, तर निदान होतं. किडनीच्या मुलात यातली चार लक्षणं आधीपासूनच हजर असू शकतात. मग सगळंच किडनीच्या खात्यावर मांडणं सोपं जातं.

म्हणून शरीराची लक्षणं थोडी बाजूला ठेवून आत काय चाललंय ते विचारावं लागतं. नुसत्या आजाराने दमलेलं मूल आवडती मॅच लागली की मान तरी वर करतं. नैराश्यातलं मूल अंगात थोडं बळ असलेल्या दिवशीही भिंतीकडे तोंड करून पडतं. "माझ्यामुळे सगळ्यांचे हाल होतात" हे वाक्य कुठल्याही युरियाने तोंडात येत नाही. आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या हमखास लक्षात येत नाही. मुलांचं नैराश्य रडकंच असेल असं नाही, ते चिडकंही असतं. मुलांसाठी उदासीच्या जागी चिडचिड धरायची मुभा त्या निकषांतच आहे.

उदास व्हायला कारणं कमी नाहीत. वाढ खुंटते, वयात येणं लांबतं, वर्गातली धाकटी भावंडं शोभावीत अशी मुलं डोक्याने उंच होतात. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने चेहरा सुजतो, आणि तेच औषध मूड आणि झोपही बिघडवतं. मोजून पाणी प्यायचं. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवतानाच घ्यायच्या, म्हणजे शाळेच्या सुट्टीत, डबा उघडून बसलेल्या मित्रांसमोर. ती गोळी खिशातच राहिली तर नवल नाही.

गोळ्यांबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. किडनी प्रत्यारोपणानंतर, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून, टॅक्रोलिमससारखं औषध रोज, ठरल्या वेळी घ्यावं लागतं. चुकलं तर त्या दिवशी काहीच होत नाही. काही दुखत नाही, काही सुजत नाही. शरीर मात्र परक्या किडनीविरुद्ध उभं राहू लागतं आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची खूण) वाढतं तेव्हा उशीर झालेला असतो. बसवलेली किडनी गमावण्याचं प्रमाण किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला सर्वाधिक दिसतं. अशा मुलाला "बेजबाबदार" म्हणून मोकळं होण्याची आपल्याला घाई असते. पण ज्याला पुढच्या वर्षाचंच काही वाटत नाही, त्याने पुढच्या वर्षासाठीची गोळी का घ्यावी?

नैराश्य लक्षात आलं तर आधी शरीराचं दुरुस्त करता येईल तेवढं करतात: रक्त वाढवणं, डायलिसिस पुरेसं होतंय ना हे पाहणं, झोप, खाज. सोबत समुपदेशन, त्यात विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी. औषध लागलंच तर मुलांमध्ये फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा अनुभव सर्वांत जास्त आहे. ते मुख्यतः यकृतात मोडतं, किडनीत नव्हे. अशी औषधं सुरू केल्यावर पहिले काही आठवडे मुलावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, कारण काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्येच तसा ठळक इशारा द्यायला लावला. या विचारांबद्दल मुलाला सरळ विचारल्याने ते डोक्यात भरवले जात नाहीत. विचारावं.

आणि "नैसर्गिक आहे, अपाय नाही" म्हणून मिळणारं सेंट जॉन्स वर्ट हे उदासीवरचं वनौषध प्रत्यारोपण झालेल्या मुलाला चुकूनही देऊ नये. ते यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम) वाढवून टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी पाडतं. मन सुधारायला दिलेल्या झाडपाल्याने किडनी जाऊ शकते.

तपासणीच्या वेळी एक साधी गोष्ट करता येते: पाच मिनिटं आईवडिलांना बाहेर बसवायचं. मुलाचं दुखणं मूल सांगतं तसं आणि पालक सांगतात तसं, यात बरंच अंतर असतं. समोर आई असताना "मला कंटाळा आलाय जगायचा" असं कोण म्हणेल? शिवाय काही निर्णय मुलाच्या हातात देता येतात. डायलिसिस सुरू असताना काय पाहायचं, गोळीची आठवण आईने करायची की मोबाइलने, दिवसभराचं मोजलेलं पाणी सकाळी संपवायचं की रात्रीसाठी राखायचं. आठशे मिलिलिटरची बाटली तीच राहते. तिच्यावर पेनाने खुणा मात्र तो स्वतः करतो.