एसी 16 वर ठेवला म्हणून खोली लवकर गार होत नाही

परवा ठाण्याला ताईकडे गेलो होतो, घामाघूम होऊन आत आलो तर भाओजींनी माझ्यासाठी म्हणून एसी थेट 16 वर नेला, म्हणे लवकर गार होईल. भाओजी इंजिनिअर आहेत. हेच मी डॉक्टरांच्या, प्राध्यापकांच्या घरीही बघितलंय, शहरात शिकलेली माणसं कमी नाहीत, पण रिमोट हातात आला की शाळेतलं फिजिक्स कुणालाच आठवत नाही.

रिमोटवरचा आकडा एसीला फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. खोली 34 ला तापलेली असेल तर 24 लावा नाहीतर 16, साधा एसी तेवढ्याच जोरात सुरू होतो, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर एसीही सुरुवातीला जवळपास पूर्ण ताकदीनेच पळतो. बिल वाढतं ते नंतर. बाहेर 34, आत 24 म्हणजे फरक 10 चा, आत 18 केलं की फरक 16 चा, आणि भिंतीतून काचेतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे दीडपटीहून जास्त. शिवाय पाणी पहिल्या मजल्याऐवजी तिसऱ्यावर चढवायला पंपाला जास्त वीज लागते तसंच इथे होतं, उष्णताही जास्त चढ चढवून बाहेर टाकावी लागते. एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते असं केंद्र सरकारचं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं, आणि 2020 पासून स्टार लेबलवाले नवे एसी 24 वर सेट होऊनच येतात.

आता माझा आवडता भाग, एसीच्या नळीतून टपकणारं पाणी. हवेतल्या वाफेचं पाणी होताना ती उष्णता सोडते, आणि थोडीथोडकी नाही, एक लिटर पाणी 30 डिग्रीवरून उकळीला आणायला जेवढी लागते त्याच्या जवळजवळ 8 पट! ती सगळी एसीलाच बाहेर फेकावी लागते. आकडा खाली नेला की एसीच्या आतली गार नळ्यांची जाळी, म्हणजे कॉइल, जास्त वेळ चालते, जास्त वाफ ओढते, म्हणून दमट हवेत मुंबई-ठाण्याच्या एसीचा बराचसा जोर या पाण्यावरही खर्च होतो.

पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवून आपल्याला गार करतो, म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. पण 26 वर एसी आणि सोबत 28-30 वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा लावला तर छान झोप लागते.

आणि ते प्लगमध्ये खोचायचे ‘पॉवर सेव्हर’ डबे कृपा करून घेऊ नका. आत बहुतेक वेळा एक कपॅसिटर असतो, घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेले युनिट मोजतं, त्यात या डब्याने काही कमी होत नाही.

माझा आठवीतला भाचा हे सगळं कान देऊन ऐकत होता. त्याने बाल्कनीत नळीखाली बादली ठेवली, एक रात्र 18 ला, दुसरी 26 ला पंखा लावून, आणि सकाळी मार्करने बादलीवर रेघा मारल्या. 26 ची रेघ बरीच खाली आली. आता रात्री 10 ला आणि सकाळी 6 ला मीटरचं रीडिंगही तो वहीत लिहितोय, आणि सकाळचं रीडिंग घ्यायला भाओजी त्याच्याबरोबर खाली जातात.